जळालेलं स्पेलबुक: एका टेबलावरच्या हाउस रूलचं प्रकरण

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांच्या जोरावर आपापलं पात्र खेळवायचा खेळ. पात्र सातव्या लेव्हलचा विझार्ड (मंत्र पुस्तकात लिहून ठेवणारा जादूगार), इंटेलिजन्स १८, स्पेलबुकात २५ स्पेल, म्हणजे मंत्र. ओसाड मठाच्या अंगणात पार्टी, म्हणजे आम्हा खेळाडूंच्या पात्रांची टोळी, दम खायला थांबली होती. विझार्ड खेळणारी म्हणाली, “पुस्तक उघडून समोर फरशीवर ठेवते आणि अंगठीवर आयडेंटिफाय लावते, रिच्युअल म्हणून.” आयडेंटिफाय म्हणजे वस्तूतली जादू ओळखायचा स्पेल. रिच्युअल म्हणजे तोच स्पेल सावकाश, विधी करून टाकणं; त्याला नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात. त्याच दहा मिनिटांत वरच्या सज्जातून शत्रूच्या जादूगाराने फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा, टाकला. डीएमचे (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) आठ फासे पडले, आम्ही सेव्ह (वाचण्यासाठीचे फासे) टाकले, मेलं कोणीच नाही. हुश्श करतोय तोवर डीएमने त्या स्पेलच्या वर्णनातली एक ओळ वाचून दाखवली. तिचा अर्थ असा की स्फोटाच्या टापूतल्या ज्या जळाऊ वस्तू कोणी अंगावर घातलेल्या किंवा जवळ बाळगलेल्या नाहीत, त्या पेट घेतात.

“पुस्तक फरशीवर आहे ना?”

तिने मान हलवली. मग म्हणाली, “दादा, पण माझं बोट होतं पानावर.”

त्या रविवारचा खेळ तिथेच थांबला आणि उरलेला वेळ वादात गेला. डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम. मी या टेबलावर क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारा पुजारी, खेळतो, त्यामुळे वादात माझं काही जळत नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच मला तो नीट ऐकता आला. स्पेलबुकाबद्दलचे हाउस रूल, म्हणजे टेबलाने स्वतःपुरते केलेले नियम, बहुतेक टेबलांवर कधी ना कधी निघतात, पण ते सहसा हवेतून काढलेले असतात. इथे खरंखुरं पुस्तक जळालं होतं आणि आकडे समोर होते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

आधी छापील नियमाने काय झालं ते पाहू. विझार्डकडे पहिल्या लेव्हलला पुस्तकात सहा स्पेल असतात आणि पुढच्या प्रत्येक लेव्हलला दोन फुकट मिळतात. सातव्या लेव्हलपर्यंत हे अठरा झाले. उरलेले सात तिने स्क्रोलवरून (स्पेल लिहिलेल्या गुंडाळ्यांवरून) आणि एका मेलेल्या जादूगाराच्या पुस्तकातून उतरवून घेतले होते. उतरवायचा दर स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० गोल्ड (सोन्याची नाणी) आणि दोन तास. त्या सात स्पेलच्या लेव्हल मिळून तेरा, म्हणजे ६५० गोल्ड आणि २६ तास त्या कामात गेले होते.

विझार्ड रोज पुस्तकातले सगळे स्पेल वापरत नाही. इंटेलिजन्सचा मॉडिफायर (१८ वरून येणारा आकडा, ४) अधिक विझार्डची लेव्हल इतके तो प्रिपेअर करतो, म्हणजे वापरासाठी डोक्यात तयार ठेवतो; तिचे अकरा. पुस्तक गेलं तरी हे अकरा डोक्यात राहतात. यादी बदलायची असेल तरच पुस्तक लागतं. स्लॉट (स्पेल टाकायचा ठरावीक कोटा) दर लाँग रेस्टला, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीला, परत येतात आणि तेच अकरा स्पेल पुन्हा टाकता येतात. शिवाय हे अकरा स्पेल नव्या कोऱ्या पुस्तकात लेव्हलमागे १० गोल्ड आणि एक तास या स्वस्त दराने लिहून काढता येतात. बाकीचे मात्र गेले ते गेले. ते पुन्हा कुठेतरी शोधायचे आणि पूर्ण दराने उतरवायचे. प्लेयर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, तिथेच एक वाक्य आहे, की म्हणूनच पुष्कळ विझार्ड दुसरी प्रत सुरक्षित जागी ठेवतात. डीएमचं सगळं म्हणणं या एका वाक्यावर उभं होतं.

विझार्डवाली सीएचा अभ्यास करते. कुठला स्पेल कुठल्या लेव्हलला, कुठून, किती गोल्डला आला याचं तिच्याकडे शीट होतं. ते तिने उघडलं आणि वादाला वेगळंच वळण लागलं. प्रिपेअर केलेल्या अकरांत पहिल्या लेव्हलचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे तीन आणि चौथ्याचा एक: शील्ड, मॅजिक मिसाइल, मिस्टी स्टेप, वेब, काउंटरस्पेल, फ्लाय, फायरबॉल आणि त्याच जातकुळीतले. जळालेले चौदा असे: आयडेंटिफाय, फाइंड फॅमिलियर, अलार्म, डिटेक्ट मॅजिक, नॉक, डार्कव्हिजन, टायनी हट, क्लेअरव्हॉयन्स, अर्केन आय, कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, अनसीन सर्व्हंट, फ्लोटिंग डिस्क, जेंटल रिपोज, वॉटर ब्रीदिंग.

या चौदांत शत्रूला एक पॉइंट डॅमेज करणारा एकही स्पेल नाही. चौदांपैकी दहा रिच्युअल आहेत.

हा योगायोग नव्हे. विझार्डला रिच्युअल प्रिपेअर न करताच टाकता येतात, अट एवढीच की स्पेल पुस्तकात हवा. त्यामुळे कुठलाही शहाणा खेळाडू लढाईचे स्पेल डोक्यात ठेवतो आणि रिच्युअल पुस्तकावर सोडतो. परिणामी पाचव्या आवृत्तीत पुस्तक जळतं तेव्हा विझार्डची लढायची ताकद जवळपास शाबूत राहते. जातं ते सगळ्या पार्टीचं सामान: रात्रीचा तंबू (टायनी हट), पहारा, टेहळणी करणारं घुबड, परक्या लिपीतला शिलालेख वाचायची सोय, तळ्याच्या तळाशी उतरायची वाट. आमच्यातला फायटर (योद्धा खेळणारा) “तिचं पुस्तक, तिने बघावं” म्हणत होता, तो टायनी हटचं नाव ऐकून गप्प झाला. रात्री बाहेर झोपायचं कोणाला होतं, तर त्यालाच.

जुन्या आवृत्त्यांत हे गणित उलटं होतं. १९७४च्या मूळ खेळापासून स्पेल पाठ करायचा आणि टाकला की तो डोक्यातून पुसला जायचा, अशी पद्धत होती. ही कल्पना लेखक जॅक व्हान्सच्या कथांमधून आली, हे खेळाच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्या काळी पुस्तक गेलं म्हणजे आज डोक्यात असलेले स्पेल संपेपर्यंतच जादूगार, उद्या सकाळपासून हातात काठी घेतलेला सामान्य माणूस. शिक्षा भयंकर, पण सगळी एकट्याला. तेव्हाच्या डीएमकडे निदान साधनं तरी होती. १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये वस्तूंच्या सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे सेव्हचा, तक्ता होता, त्यात चामडं किंवा पुस्तक अशी वेगळी ओळ होती आणि फायरबॉलला वेगळा रकाना होता. फासा टाकायचा, वाचलं तर वाचलं. तिसऱ्या आवृत्तीत हे सौम्य झालं. अंगावरच्या वस्तू वाचतातच असं धरायचं, फक्त माणसाचा सेव्ह नॅचरल १ (फाशावर थेट एक) पडला तर एखाद्या वस्तूवर संकट, आणि त्यातही ढाल, चिलखत वगैरे आधी, पिशवीतल्या वस्तू अगदी शेवटी. पाचव्या आवृत्तीने तक्ता काढूनच टाकला. राहिलं फक्त ते एक वाक्य, जवळ बाळगलेलं आणि न बाळगलेलं. एवढ्या बारीक रेषेवर एवढं मोठं ओझं टाकलं की वाद होणारच.

बोट पानावर म्हणजे बाळगलेलं का? २०१४च्या मजकुरात विझार्डने रिच्युअल करताना पुस्तक हातात धरलं पाहिजे असं कुठेही नाही. गंमत म्हणजे रिच्युअल कास्टर नावाच्या फीटमध्ये (फीट म्हणजे पात्राला घेता येणारी खास कला), म्हणजे विझार्ड नसलेल्याने रिच्युअल शिकायची जी सोय आहे तिच्यात, पुस्तक हातात हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना हा शब्दप्रयोग ठाऊक होता आणि विझार्डसाठी त्यांनी तो वापरला नाही. २०२४च्या नव्या हँडबुकने ही फट बुजवली. तिथे रिच्युअल करताना विझार्डने पुस्तकातून वाचलंच पाहिजे, आणि पुस्तकच स्पेलकास्टिंग फोकस (जादू करताना हाती धरायचं साधन) म्हणूनही चालतं. त्या मजकुराने खेळलो असतो तर पुस्तक हातात होतं असं म्हणायला तिला जागा होती. आमच्या टेबलावर ती जागा नव्हती, आणि “फरशीवर ठेवते” हे शब्द सगळ्यांनी ऐकले होते. डीएमने निकाल दिला: पुस्तक जळालं. माझ्या मते निकाल बरोबर होता. खेळाडूने तोंडाने सांगितलेली गोष्ट नंतर परत घ्यायला मुभा दिली की पुढे प्रत्येक सापळ्यानंतर तेच होतं.

पण निकाल बरोबर असणं वेगळं आणि नियम चांगला असणं वेगळं. पुढच्या रविवारी खेळ सुरू करायच्या आधी सगळ्यांनी आपापले प्रस्ताव आणायचे असं ठरलं.

पहिला प्रस्ताव विझार्डवालीचाच, आणि तोच बहुतेक टेबलांवर चालतो: स्पेलबुक नष्ट होत नाही, विषय संपला. तिचा युक्तिवाद बिनतोड वाटावा असा होता. क्लेरिकचं धर्मचिन्ह हरवलं तर पाच गोल्डला नवीन मिळतं, आणि त्याला त्याच्या यादीतले सगळे स्पेल रोज खुले असतात, ते कुठे लिहून ठेवावे लागत नाहीत. (इथे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.) टोमचा पॅक्ट (पुस्तकाचा करार) घेतलेल्या वॉरलॉकचं, म्हणजे कुणा शक्तिमान पेट्रनशी करार करून जादू मिळवणाऱ्याचं, पुस्तक गेलं तर तासाभराचा विधी केला की त्याचा पेट्रन दुसरं देतो. जन्मजात जादू असलेल्या सॉर्सररकडे जळायला काही नाहीच. मग विझार्डनेच का जीव मुठीत धरून फिरायचं?

याला माझं उत्तर होतं ते टाशाज कॉल्ड्रन या २०२०च्या पुस्तकातलं. त्यात ऑर्डर ऑफ स्क्राइब्स नावाची विझार्डची उपशाखा आहे. तिचं पुस्तक जागृत असतं. ते नष्ट झालं तर एका शॉर्ट रेस्टमध्ये (छोट्या विश्रांतीत) कोऱ्या वहीत ते सगळ्या स्पेलसकट परत आणता येतं. म्हणजे अमर पुस्तक ही या खेळात विकत घ्यायची गोष्ट आहे आणि तिची किंमत एक अख्खी उपशाखा आहे. आमच्या विझार्डवालीने इव्होकेशन ही उपशाखा निवडली होती, स्वतःच्या फायरबॉलमधून मित्रांना वगळता यावं म्हणून. (शत्रूच्या फायरबॉलमध्ये तशी सोय नसते, हे त्या दिवशी कळलंच.) ज्याने स्क्राइब निवडला त्याची मुख्य मिळकत सगळ्यांना फुकट वाटायची, हे मला पटत नाही. शिवाय पुस्तक जळू शकत नसेल तर ते चोरीला जाण्याची, शत्रूच्या हाती लागण्याची, त्यासाठी किल्ल्यात घुसण्याची गोष्टही हळूहळू मरते. स्पेलबुक मग कॅरेक्टर शीटवरचा नुसता एक रकाना उरतं.

दुसरा प्रस्ताव फायटरचा. त्याला साडेतीनव्या (३.५) आवृत्तीत पानांचा नियम सापडला होता: स्पेलच्या लेव्हलइतकी पानं, पुस्तकात शंभर पानं, भरलं की दुसरं पुस्तक. पाचव्या आवृत्तीतल्या ५० गोल्डच्या स्पेलबुकालाही शंभर कोरी पानं आहेत, फक्त एका स्पेलला किती लागतात हे कुठे दिलेलं नाही. त्याला वाटलं, फट इथे आहे, बुजवू या. मी कागदावर मांडून पाहिलं. जळालं तेव्हा तिच्या पुस्तकाची ४९ पानं भरली असती. नुसते फुकटचे स्पेल घेत गेलं, प्रत्येक वेळी मिळेल तितक्या वरच्या लेव्हलचे, तर बाराव्या लेव्हलला ८८ पानं होतात आणि तेराव्याला १०२. म्हणजे हा नियम तेराव्या लेव्हलला पहिल्यांदा बोचणार, आणि बोचला की विझार्ड ५० गोल्ड टाकून दुसरं पुस्तक घेणार. तोवर दर वेळी कोणीतरी पानं मोजत बसायचं. कुणाला काही निवडावं लागत नाही, नुसती नोंद ठेवावी लागते. असे नियम टेबलावर फार टिकत नाहीत.

तरी पानांची कल्पना मुळात टाकाऊ नव्हती. दुसऱ्या आवृत्तीत एका स्पेलला त्याची लेव्हल अधिक शून्य ते पाच पानं लागत, मोठ्या पुस्तकाला शंभर पानं असत आणि प्रवासातल्या पुस्तकाला पन्नास. खरी मेख त्या पन्नासात होती. मोठं पुस्तक घरी, छोटं सोबत, आणि छोट्यात काय न्यायचं ते निघण्यापूर्वी ठरवायचं. मोहिमेवर निघताना तळघरात उतरायचंय की समुद्रावर जायचंय याचा विचार करायला लावणारा नियम होता तो. आमच्या कॅम्पेनमध्ये (सलग चालू असलेल्या कथेत) पार्टी घरी परततच नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा उचलणं शक्य नव्हतं. पण “मोठं पुस्तक घरी” हा अर्धा भाग डीएमने मनात ठेवला.

तिसरा प्रस्ताव माझा होता आणि तो पडला. तिसऱ्या आवृत्तीत स्पेल मास्टरी नावाचं फीट होतं. इंटेलिजन्सच्या मॉडिफायरइतके स्पेल विझार्डला इतके मुखोद्गत होतात की ते पुस्तकाशिवाय प्रिपेअर करता येतात. मी म्हटलं, तसंच चार रिच्युअल तोंडपाठ धरू. विझार्डवालीनेच ते खोडलं. चार रिच्युअल पाठ म्हणजे टायनी हट, फॅमिलियर, आयडेंटिफाय, अलार्म हेच सगळे कायम निवडणार, मग पुस्तकाचं काम काय उरलं? बरोबर होतं तिचं. रॉग (चोर) खेळणाऱ्याने मध्येच कीन माइंड फीटचा मुद्दा काढला. महिनाभरात पाहिलेलं-ऐकलेलं जसंच्या तसं आठवतं, मग पुस्तकही आठवेल. पण ते फीट आमच्यात कोणाकडेच नव्हतं, त्यामुळे त्यावर झालेली चर्चा फक्त रंगली, लागू पडली नाही.

मार्ग निघाला तो तिच्या शीटमधल्या एका रकान्यातून. प्रत्येक स्पेलपुढे “स्वतःचा” किंवा “उतरवलेला” असं लिहिलेलं होतं. तिने ते गोल्डच्या हिशोबासाठी ठेवलं होतं. डीएमने ते पाहिलं आणि विचारलं, लेव्हल वाढल्यावर मिळणारे दोन स्पेल येतात कुठून? हँडबुकच्या सांगण्याप्रमाणे ते विझार्डच्या स्वतःच्या संशोधनातून येतात. मग जे तिने स्वतः शोधून काढलं ते पुन्हा मांडायला तिला दुसऱ्याचं पुस्तक कशाला हवं? आणि जे दुसऱ्याच्या वहीतून टिपून घेतलं ते वही गेल्यावर आठवेलच असं का धरायचं? ज्याने गणित स्वतः सोडवलं आणि ज्याने ते शेजाऱ्याच्या वहीतून टिपलं, त्या दोघांच्या वह्या हरवल्या तर काय होतं हे आपल्या प्रत्येकाला शाळेपासून माहीत आहे.

हेच मुख्य कलम झालं. स्वतःचे स्पेल, प्रिपेअर केलेले असोत वा नसोत, लेव्हलमागे १० गोल्ड आणि एक तास या दराने कोऱ्या पुस्तकात परत लिहिता येतात. उतरवलेले आणि त्या दिवशी प्रिपेअर नसलेले स्पेल खरोखर जातात. ते पुन्हा मिळवायचे तर मूळ शोधायचं, ५० गोल्ड आणि दोन तासांच्या नेहमीच्या दराने.

आमच्या प्रकरणात याचा अर्थ असा झाला. जळालेल्या चौदांपैकी नऊ तिचे स्वतःचे होते. त्यांच्या लेव्हल मिळून १८, म्हणजे १८० गोल्ड. प्रिपेअर केलेल्या अकरांच्या लेव्हल २३, म्हणजे २३० गोल्ड. नवं पुस्तक ५० गोल्ड. एकूण ४६० गोल्ड आणि ४१ तास. पूर्ण गेले ते पाच: कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, अनसीन सर्व्हंट, फ्लोटिंग डिस्क, जेंटल रिपोज आणि वॉटर ब्रीदिंग. छापील नियमाने चौदाही गेले असते, आणि सगळे कुठे सापडले असते तरी त्यांच्या २६ लेव्हलचे १,३०० गोल्ड आणि ५२ तास लागले असते. त्या वेळी सगळ्या पार्टीकडे मिळून तितके नव्हते.

मला हे कलम आवडतं, कारण शिक्षा शिल्लक आहे पण ती कुठे पडेल हे खेळाडूला आधीपासून दिसतं. स्क्रोल मिळाला की आता तिला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: उतरवायचा का, आणि उतरवला तर रोज प्रिपेअर ठेवण्याइतका तो महत्त्वाचा आहे का. लेव्हल वाढल्यावर फुकटचे दोन निवडतानाही विचार बदलला. पूर्वी ती म्हणायची की वॉटर ब्रीदिंगसारखे स्पेल कुठे ना कुठे स्क्रोलवर मिळतीलच, फुकटच्यात लढाईचे घ्या. आता उलट करते. जो कधीच हरवता कामा नये तो स्वतःच्या संशोधनातून, बाकीचे बाजारातून.

दुसरं कलम अंगावरच्या पुस्तकाचं. खेळाडू काही वेगळं बोलत नाही तोवर पुस्तक विझार्डच्या अंगावर आहे असंच धरायचं, झोपेत सुद्धा, आणि रिच्युअल करताना ते हातात आहे. खेळाडूने ते खाली ठेवतो, कोणाला देतो, झोळीत टाकून झोळी घोड्यावर बांधतो असं म्हटलं तर डीएमने एकदाच विचारायचं: “नक्की ठेवतेस?” हो म्हटलं की पुढची जबाबदारी तिची. हे विचारणं कोणाला पोरकट वाटेल. पण तिला त्या मठातली फरशी तिच्यासमोर जशी दिसत होती तशी डीएमला दिसत नव्हती, आणि डीएमला सज्जातला जादूगार दिसत होता जो तिला दिसत नव्हता. एका प्रश्नाने दोघं एका पानावर येतात. कैद होणं, नाव उलटणं, चोर येणं हे सगळं शक्य आहेच. तिथे पुस्तकाला धोका आहे हे चित्र रंगवतानाच सांगायचं, नंतर तक्ता काढून नाही.

दुसऱ्या प्रतीचं कलम सगळ्यात जास्त चर्चेनंतर आलं. हँडबुक म्हणतं सुरक्षित जागी प्रत ठेवा. विझार्डवालीचा सरळ प्रश्न होता, “कुठली सुरक्षित जागा, दादा? गेल्या वर्षभरात आपण एका गावात दोन रात्री राहिलो नाही.” तिच्या ४९ लेव्हलच्या पुस्तकाची पूर्ण प्रत म्हणजे पुस्तकासकट ५४० गोल्ड आणि ४९ तास. हे गोल्ड आणि हा वेळ तिने नवे स्पेल उतरवण्यात घातला होता, आणि तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. आमचं कॅम्पेन फॉरगॉटन रेल्म्स या खेळाच्या काल्पनिक जगात आहे. डीएमने मार्ग काढला तो ज्ञानाचा देव ओग्मा याच्या देवळांचा. मोठ्या शहरातल्या ओग्माच्या देवळात विझार्ड आपलं पुस्तक देऊ शकतो. तिथले लेखक लेव्हलमागे त्याच १० गोल्डला प्रत करतात, पार्टी शहरात जे करायचं ते करते, तास कोणी मोजत नाही. मोबदला म्हणून देवळाला त्या स्पेलची एक नक्कल स्वतःच्या संग्रहात ठेवायचा हक्क मिळतो. म्हणजे सुरक्षितता मिळते, पण तुमचे स्पेल दुसऱ्या कोणालाही वाचायला मिळू शकतात. तिने अजून ठरवलेलं नाही. रॉगचं मत आहे की पोलिमॉर्फ (रूप बदलायचा स्पेल) वगळून बाकी सगळं द्यावं.

याला जोडून एक छोटी गोष्ट. त्या प्रतीवर ग्लिफ ऑफ वॉर्डिंग, म्हणजे राखणदारीचं जादुई चिन्ह, लावता येईल का असं कोणीतरी विचारलं. पेटीत एका जागी पडलेल्या प्रतीवर लावता येईल, २०० गोल्डची हिऱ्याची पूड लागेल. सोबत नेण्याच्या पुस्तकावर लावून उपयोग नाही, ते दहा फुटांपलीकडे हललं की ग्लिफ मोडतो.

राहिलं शत्रूचं पुस्तक. फायरबॉल टाकणाऱ्याकडेही पुस्तक असणारच, आणि पार्टीने त्याचा पाठलाग सुरू केला तो सूडापेक्षा त्या पुस्तकासाठी. इथे एक अडचण आहे जी डीएमनी आधीच ओळखून ठेवावी. २०१४च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, म्हणजे शत्रूंच्या नियमपुस्तकातला, ‘मेज’ नावाचा शत्रू हा नवव्या लेव्हलचा जादूगार. कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे साधे स्पेल) सोडून त्याच्याकडे बारा स्पेल प्रिपेअर असतात आणि त्यांत रिच्युअल एकच, डिटेक्ट मॅजिक. बाकी शील्ड, काउंटरस्पेल, फायरबॉल, कोन ऑफ कोल्ड वगैरे. स्टॅटब्लॉक, म्हणजे शत्रूच्या आकड्यांची चौकट, लढाईसाठी लिहिलेला असतो, त्यात शत्रूच्या पुस्तकातली न प्रिपेअर केलेली पानं नसतात. स्टॅटब्लॉक म्हणजेच पुस्तक असं धरलं तर जळालेल्या रिच्युअलचं मूळ जगात कुठे सापडणारच नाही. म्हणून शेवटचं कलम: प्रत्येक जादूगार शत्रूच्या पुस्तकात स्टॅटब्लॉकपलीकडे दोन-तीन रिच्युअल डीएम घालतो, त्या माणसाच्या धंद्याला शोभतील असे. आमचा शत्रू जुन्या मठांतून थडगी उकरणारा निघाला. त्याच्या पुस्तकात कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस आणि वॉटर ब्रीदिंग होते. दोन्ही तिने २०० गोल्ड आणि आठ तास देऊन उतरवले. त्याचे इतर स्पेल पाहून तिचे डोळे लकाकले, पण पर्स रिकामी होती.

पाचातले तीन अजून गेलेलेच आहेत. जेंटल रिपोज माझ्या क्लेरिकच्या यादीत आहे, त्यामुळे त्याची उणीव कोणाला जाणवली नाही. अनसीन सर्व्हंटचीही फारशी नाही. फ्लोटिंग डिस्कची मात्र रोज जाणवते. तिच्यावर पाचशे पौंड सामान ठेवून आम्ही चालत असू, आता ते फायटर वाहतो आणि दर सेशनला त्याची आठवण करून देतो.

एक मुद्दा अजून निकाली निघालेला नाही. स्वतःच्या संशोधनाचे स्पेल परत लिहिता येतात हे ठरलं, पण दुसऱ्याच्या पुस्तकातून उतरवलेला स्पेल समजा तिने वर्षभर रोज प्रिपेअर केला, तर तो तिचा स्वतःचा धरायचा का? तिचं म्हणणं हो, आणि मिस्टी स्टेप आणि फ्लायला आत्ताच “स्वतःचा” लिहायला ती तयार आहे. डीएमचं म्हणणं असं की मग सहा महिन्यांत शीटवर एकही “उतरवलेला” उरणार नाही. मी डीएमच्या बाजूने आहे, फायटर तिच्या, आणि रॉगने मत द्यायच्या बदल्यात देवळातल्या संग्रहाची चावी मागितली आहे.